छाटणीच्या नावाखाली

सरकारी व्यवहारात काही शब्द असे असतात की ते एकदा टिप्पणीत आले म्हणजे पुढचा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. 'देखभाल' हा त्यांपैकी एक, 'सुशोभीकरण' हा दुसरा. या मालिकेत 'छाटणी' या शब्दाने आता मानाचे आसन पटकावले आहे. झाड तोडले म्हटले की चार माणसे जमतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, क्वचित एखादे प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊन पोचते. झाड छाटले म्हटले की कोणाची भुवईदेखील वर होत नाही. उलट, कोणीतरी काळजी घेत आहे, असे एक सात्त्विक समाधान पसरते. हे समाधान सर्वस्वी अनाठायी आहे, आणि त्याच्या आडोशाने जे चालते ते झाडांच्या कत्तलीहून फारसे वेगळे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भिलईच्या रुआबांधा वसाहतीतून उन्हाळ्याच्या भर माध्यान्ही कोणीही सहृदय माणसाने एक फेरी मारून पाहावी. रस्त्याच्या कडेला ज्यांनी दोन्ही बाजूंनी एकमेकांत हात गुंफून मांडव घालावा अशी झाडे, गुलमोहर, शिरीष, कडुनिंब, करंज, त्यांपैकी अनेकांचे आज नुसते खांब झालेले दिसतील. मांडीएवढ्या जाड फांद्या अर्ध्यावरून उडवलेल्या, शेंडा नाहीसा झालेला, आणि त्या थोटक्या हातांच्या टोकाला दाट, किरट्या धुमाऱ्यांचा एकेक झुबका. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि कारखान्याच्या पाठोपाठ या माळरानावर वसाहती उभ्या राहिल्या. रस्ते आखणाऱ्यांनी रस्त्यांबरोबर झाडेही आखली. ज्या पिढीने पोलाद ओतले त्याच पिढीने ही रोपे लावली व त्यांना पाणी घातले. त्या काळची झाडे आता साठीच्या आसपास आहेत. माणसाच्या हिशेबाने निवृत्तीचे वय, कडुनिंबाच्या हिशेबाने ऐन कर्तेपण.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचे भांडण कोणा एका कचेरीशी अथवा कोणा एका अधिकाऱ्याशी नाही. असेच खांब आम्ही रेल्वे वसाहतींतून, छावण्यांतून, जिल्ह्याच्या ठिकाणच्या दिवाणी मोहल्ल्यांतून पाहिलेले आहेत, आणि हा अंक हाती घेणारे आपण सर्व जेथे जेथे बदलून गेलो असू तेथे तेथे ते पाहिले असतील. रुआबांधाचे नाव आम्ही घेतो ते ते डोळ्यांपुढे आहे म्हणून. रोग मात्र सार्वदेशिक आहे.

या रोगाचे पहिले लक्षण म्हणजे एक समजूत. 'छाटले की झाड जोमाने फुटते.' हे वाक्य आम्ही इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकले आहे की त्याची थोडी चिकित्सा केल्यावाचून गत्यंतर नाही. झाड फुटते, हे खरे. पण कशासाठी फुटते? पान ही झाडाची चूल आहे. पानांत शिजलेले अन्न खोडात, फांद्यांत, मुळांत साठवले जाते, आणि मोठ्या फांद्या उडवल्या म्हणजे चूल आणि कोठार ही दोन्ही एकदमच जातात. मग उरलेल्या शिलकीवर झाड सालीखालचे निजलेले डोळे जागे करते आणि मिळेल तेथून पाने काढते. ही बाळसे धरण्याची खूण नव्हे. दुष्काळात घरातली भांडी विकून धान्य आणणाऱ्या कुटुंबाला सधन म्हणण्यासारखेच हे आहे. शिवाय हे नवे धुमारे जुन्या फांदीसारखे आतल्या लाकडात रुजलेले नसतात. ते बाहेरच्या थराला चिकटून असतात. पाचसात वर्षांत ते जड होतात आणि पहिल्या वादळात मुळासकट उचकटून खाली येतात. म्हणजे धोका टाळण्यासाठी केलेली छाटणी काही वर्षांनी स्वतःच धोका उत्पन्न करते, आणि त्या धोक्याच्या निवारणार्थ पुन्हा छाटणीचा हुकूम निघतो. कोणत्याही खात्याला यापेक्षा अखंड चालणारे काम शोधून सापडणार नाही!

झाडाची जखम 'भरते' ही दुसरी समजूत. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले (१९३०–२००६). त्यांनी आयुष्यभर झाडे उभी चिरून आत काय घडते ते पाहिले, आणि १९७७ साली आपला सिद्धांत मांडला. झाड जखमेचा भाग दुरुस्त करीत नाही. ते त्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते व बाहेरून नवे लाकूड चढवते. आपल्या कातडीप्रमाणे तेथे नवी पेशी जुन्या जागी येत नाही. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर वळे असते. भिंत उभारण्याची झाडाची सारी सामग्री त्या वळ्यात असते. वळे शाबूत ठेवून त्याच्या लगत बाहेरून कापले, तर झाड ती जागा हळूहळू झाकून घेते. वळ्यासकट खोडाशी सपाट कापले, तर दारच उघडे पडते. आणि हातभर थोटूक ठेवून कापले, तर ते थोटूक कुजून बुरशीला खोडापर्यंत नेणारा रस्ता होतो. आमच्या रस्त्यांवर आम्ही हे दोनच प्रकार पाहिले. तिसरा, म्हणजे योग्य तो, शोधावा लागतो. वर डांबर वा गेरू फासण्याने काही साधत नाही, हेही त्याच संशोधनाने दाखवून दिले आहे. गेरूचा खरा उपयोग पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी बुंध्यांना पट्टे ओढण्यापुरता. थोट्या झाडांची ती गेरू-चुन्याने रंगवलेली रांग पाहिली म्हणजे आम्हाला तरी जखमींना नवे गणवेष घालून सलामीला उभे केल्याचा भास होतो.

वृक्षसंगोपनाच्या व्यवसायात एका हंगामात पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढू नये असा संकेत रूढ आहे, आणि म्हाताऱ्या झाडाच्या बाबतीत त्याहूनही हात आखडता घ्यावा असे सांगितले जाते. आमच्याकडे चौथा हिस्सा ठेवतात! आणि तेही केव्हा? पावसाळ्यापूर्वीची कामे म्हणून एप्रिल-मे महिन्यांत. जेव्हा छत्तीसगडच्या या पठारावर पारा ४४-४५ अंशांना टेकतो, पायी जाणाऱ्याला सावलीचा एकेक हात मोलाचा असतो, आणि इतकी वर्षे पानांखाली झाकलेली कोवळी साल एकाएकी उन्हात उघडी पडून भाजून निघते. कावळ्याने घरटे कोणत्या फांदीवर बांधले त्यावरून पावसाचा अंदाज बांधणारा आपला शेतकरी होता. आता ते घरटे ट्रॉलीत पडलेले दिसते.

नाशिककडचे आमचे एक स्नेही यावर हसून म्हणाले, 'अहो, आम्ही द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी करतो; तरी बागा उभ्या आहेत.' युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या गोष्टी आम्हालाही ठाऊक आहेत. परंतु तेथे कात्री चालते ती काडीवर, बोटाएवढ्या जाडीच्या लाकडावर. आणि चालवणारा माणूस काडीवर किती डोळे ठेवायचे ते मोजून चालवतो. एका डोळ्याची चूक त्याच्या पुढच्या पिकात दिसते व त्याच्याच खिशातून वसूल होते. छाटल्यावर तो खत-पाणी देतो, औषध फवारतो, रोज सकाळी वेलीपुढे उभा राहतो. रस्त्याकडेच्या शिरीषाला यांपैकी काय मिळते? तेथे करवत चालवणारा मजूर पुन्हा त्या झाडाकडे फिरकत नाही. हुकूम देणारा बदलून गेलेला असतो. आणि फळाची अपेक्षा नसल्यामुळे नुकसानीची नोंद होण्याचा प्रश्नच येत नाही. द्राक्षबागाईत जर छाटणीचा आदर्श असेल, तर तो आम्हाला शिरसावंद्य आहे. रस्त्यावर तशीच, डोळे मोजून, होऊ द्या.

मग तारांचे काय, असे विचारले जाईल. विचारलेच पाहिजे, विजेच्या तारेत घुसलेली फांदी ही थट्टेची बाब नव्हे, आणि पावसाळ्यात झाड कोसळून माणसे दगावतात हेही आम्ही विसरलेलो नाही. वाळलेली, मोडकी, तारेला टेकणारी फांदी काढू नये असे म्हणणारा वृक्षप्रेमी आम्हाला भेटलेला नाही, आणि भेटल्यास आम्ही त्याची बाजू घेणार नाही. पण या प्रश्नाकडे कायदा कसा पाहतो तेही एकदा वाचावे. विद्युत अधिनियम, २००३ याच्या कलम ६८ प्रमाणे तारांना अडथळा करणारे झाड काढण्याचा वा त्याचा अन्य बंदोबस्त करण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी अथवा नेमलेला प्राधिकारी देऊ शकतो. मात्र झाड जर तारेच्या आधीपासून तेथे उभे असेल, तर त्या झाडात ज्याचा हितसंबंध आहे त्याला भरपाई द्यावी, असेही तेच कलम सांगते. म्हणजे आधी कोण आले, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने गैरलागू नाही. ही नीती आपल्याला परकी नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे, आणि अगदी जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे झाले तरी धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे असे सांगितले आहे. राज्याच्या संरक्षणाची निकड असताना जेथे विचारणा होती, तेथे आज एका दिव्याच्या खांबाच्या निकडीपुढे विचारणा नाही. दिवा फांदीखाली आणता येतो, तारेला वेष्टण चढवता येते, ती जमिनीखाली नेता येते. झाडाला बाजूला सरकता येत नाही. आणि कोसळणाऱ्या झाडांची मुळे एकदा पाहावी. केबलीसाठी खणलेल्या चराने ती एका बाजूने तोडलेली असतात, नाहीतर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतून त्यांचा श्वास कोंडलेला असतो. दिल्लीत याच कारणास्तव राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ साली बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश द्यावा लागला. पायाखालची जमीन कापायची आणि पडण्याचा दोष डोक्यावरच्या केसांना द्यायचा, हा न्याय अजब आहे.

आता कागदपत्रांकडे वळू. कारण आमची हयात कागदांत जाते आणि हा अपराध खरे म्हणजे कागदावरच घडतो. छाटणीची निविदा निघते ती झाडांच्या संख्येवर, किंवा ट्रॉलीच्या फेऱ्यांवर, किंवा लाकूड ठेकेदारानेच न्यावे या बोलीवर. तिन्ही प्रकारांत झाडाचे हित कोणाच्याच हिशेबात नाही. संख्येवर मोजणी असेल तर जितके भराभर उरकेल तितका लाभ. आणि दहा बारीक फांद्या निवडून कापण्यापेक्षा दोन मोठ्या फांद्या उडवणे केव्हाही झटपट. फेऱ्यांवर असेल तर जितके पडेल तितके बिल. लाकूड ठेकेदाराचे असेल तर बारीक काटकी त्याला नकोच. जळणाला भाव आहे तो जाड ओंडक्याला. मजुराला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या बोलीवर त्याला उभे केले ती बोलीच त्याला जाड फांदीकडे बोट दाखवते.

पुढची पायरी याहून सूक्ष्म आहे. दोन-तीन वेळा अशी छाटणी झालेले झाड काही वर्षांनी आतून पोकळ होते आणि वठते. तेव्हा 'वठलेले व धोकादायक झाड काढणे' असे नवे प्रकरण उघडते. त्याची निराळी टिप्पणी, निराळी निविदा. पहिल्या फायलीत झाड जिवंत होते व त्याची काळजी घेतली गेली. दुसऱ्या फायलीत झाड आपोआप मेले. या दोन फायली एकमेकींना कधी भेटत नाहीत. मारणारा हात आणि मृत्यूचा दाखला यांत इतके अंतर पडते की वृक्षतोडीच्या आकड्यांत या झाडाची गणना होत नाही. गुन्ह्याची इतकी निर्दोष मांडणी एखाद्या रहस्यकथालेखकालाही साधणार नाही.

कायदे करणाऱ्यांच्या हे ध्यानी आलेले नाही असे नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या १९७५ च्या अधिनियमात 'झाड तोडणे' या शब्दांच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे हे सारे येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'प्राचीन वृक्ष' म्हणून निराळे स्थान दिले. येथून पश्चिमेला राजनांदगाव ओलांडून गोंदिया शहरात जे झाड 'प्राचीन' ठरले असते, ते रुआबांधात आहे म्हणून केवळ 'अडथळा' आहे! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि गोंदिया एकाच राज्यात, एकाच नागपूर राजधानीखाली होते, ही गंमतीची गोष्ट जाता जाता नमूद करतो. दिल्लीचा १९९४ चा अधिनियम तर फांद्या छाटणे व शेंडा उडवणे यांचा नावानिशी उल्लेख करून ती तोडच ठरवतो. तरीही तेथे २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी १५.७ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या फांद्या परवानगीवाचून छाटण्यास मुभा दिली. घेर १५.७ म्हणजे व्यास पाच; एवढीशी फांदी, तिचे काय, असे वाटेल. परंतु पाच सेंटिमीटरच्या सगळ्याच फांद्या काढल्या तर झाडावर पान राहील कोठे? मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मुभा रद्दबातल केली.

चंदीगडचे उदाहरण आम्हाला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते शहरही भिलईप्रमाणेच मोकळ्या जमिनीवर, त्याच दशकात, नव्या राष्ट्राच्या उमेदीतून उभे राहिले. तेथील १९५२ च्या कायद्यातच झाड तोडणे, त्याचा शेंडा उडवणे, फांद्या छाटणे यांना मनाई करणारा हुकूम काढण्याची तरतूद ठेवली गेली. शहर अजून धड उभे नव्हते, झाडे रोपांच्या अवस्थेत होती, आणि त्यांच्या फांद्यांचा विचार कायद्यात झालेला होता. कोणत्या रस्त्याला कोणते झाड, हे ठरवण्यात पुढाकार होता तो डॉ. मोहिंदरसिंग रंधावा यांचा. आणि हे गृहस्थ सनदी सेवेतले अधिकारी होते, ही गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी.

इंग्लंडात जुन्या वस्त्यांची जी संरक्षित क्षेत्रे आहेत तेथे १९७४ पासून असा नियम आहे की आपल्या अंगणातल्या बऱ्यापैकी वाढलेल्या झाडाची फांदी कापावयाची झाली तरी मालकाने सहा आठवडे आधी स्थानिक प्रशासनाला कळवावे. मात्र प्रशासनच करवत घेऊन उभे राहिले तर काय होते, ते शेफील्ड शहराने दाखवले. तेथे २०१२ साली रस्त्यांच्या देखभालीचा पंचवीस वर्षांचा ठेका दिला गेला आणि 'देखभाल' या शब्दाखाली हजारो वृक्ष गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावरची झाडे तर पहाटे पाच वाजण्याच्या सुमारास, रहिवाशांना अंथरुणातून उठवून, पाडली गेली. मार्च २०२३ मध्ये चौकशीचा अहवाल आला. त्यानंतर नगरपरिषदेने माफी मागितली. म्हणजे विलायतेतही शब्दच आधी पुढे होतो आणि करवत मागून येते.

राहता राहिला आपला वर्ग. हे लिहिताना काही वाचक रुष्ट होतील, होवोत. करवतीला बोलावणे पुष्कळदा आपल्याच क्वार्टरांतून जाते. पाने गळून अंगण घाण होते, मोटारीवर पक्षी शिटतात, शेंगा पडतात, छपरावरच्या सौर पट्टीवर सावली येते, तबकडीला आकाश दिसत नाही, साप येतील, चोर चढेल. या कारणांनी भरलेले अर्ज कोणत्याही वसाहतीच्या आवक-नोंदवहीत ओळीने सापडतील. अर्जदाराचा मुक्काम तीन वर्षांचा, फार तर पाच. झाडाचा साठ वर्षांचा. तीन वर्षांच्या पाहुण्याने साठ वर्षांच्या यजमानाचे हात तोडून घ्यावेत आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या शहरी वातानुकूलन यंत्राची मागणी नोंदवावी, हे आम्हाला शोभत नाही. परप्रांती राहणारा मराठी माणूस नाट्यप्रयोग करतो, गणपती बसवतो, ग्रंथालय चालवतो आणि या गोष्टींचा रास्त अभिमान बाळगतो. ज्या मांडवाखाली गणपती बसतो त्याच्यावरची सावली कोणी राखली, हा प्रश्न मात्र आपल्या वार्षिक सभांच्या विषयपत्रिकेवर आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

आमची मागणी क्रांतिकारक नाही. ती निव्वळ कारकुनी आहे. कोणत्याही मोठ्या झाडावर करवत लावण्यापूर्वी एक पान भरले जावे: झाड कोणते, घेर किती, कोणती फांदी, का, आणि हुकूम कोणाचा. कापावयाची जागा खडूने झाडावर दाखवली जावी, आणि ती दाखवणाऱ्याला झाडाची ओळख असावी. मोजमाप कापलेल्या लाकडावर न होता उरलेल्या पर्णसंभारावर व्हावे, आणि लाकूड ठेकेदाराचे नसावे. तेच पान पुढे झाड वठले तर त्या दुसऱ्या फायलीला जोडले जावे. मग कोणाच्या सहीनंतर किती वर्षांनी झाड गेले, ते आपोआप वाचता येईल. एवढ्याने सर्व झाडे वाचतील असा आमचा दावा नाही. पण आपले नाव कोठे राहते हे कळले की सही करणारा हात क्षणभर थबकतो, हा अनुभव कचेरीत बसणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आणि प्रशासन हे करील तेव्हा करील. एक गोष्ट आपल्याला आजच करता येते. क्वार्टरचा ताबा घेताना आपण यादीवर सही करतो. तीत पंखे किती, नळ किती, दिव्यांची बटणे किती, खिडकीची काच फुटली असल्यास कोणती, सर्व लिहिलेले असते. दारासमोरचे झाड त्या यादीत नसते. त्याच कागदाखाली आपल्या हस्ताक्षरात एक ओळ वाढवावी: अमुक जातीचे झाड, छातीएवढ्या उंचीवर इतका घेर, मोठ्या फांद्या इतक्या, सर्व शाबूत. बदली होऊन ताबा देताना त्या ओळीपुढे पुन्हा आकडे लिहावेत, आणि नव्या येणाऱ्याची सही त्यावर घ्यावी. रुआबांधात पुढील एप्रिलच्या आत ही ओळ शंभर घरांच्या कागदांवर चढली, तर ट्रॉली घेऊन येणाऱ्यांना प्रथमच कोणीतरी फांद्या मोजून ठेवलेल्या आढळतील.